तीन पांडव इकडं, दोन तिकडं

चिपळूणला परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी अजून कुणी "थोडं घ्या ना" म्हटलं की माझा हात आपोआप पोटावर जातो. बायको म्हणते, नाटकं पुरे. पण हे नाटक नाही. हे प्रवासवर्णन आहे आणि त्याचा नायक माझं पोट आहे. मी आपला त्याच्यासोबत गेलो होतो.

आधी चिठ्ठीबद्दल सांगायला हवं.

आमच्या गावात एका चष्म्याच्या दुकानात दर गुरुवारी संध्याकाळी आठ माणसं जमून तत्त्वज्ञान वाचतात. अकरा वर्षं झाली. आत्मा वाचून झाला, मोह वाचून झाला, समाधानावर तर तीन पावसाळे गेले. आणि वाचून उठलं की दुकानाबाहेर स्कूटर कुणी आडवी लावली यावरून आम्ही आठही जण भांडतो. शेवटी दुकानाचे मालक गोडबोले वैतागले. म्हणाले, "थिअरी बंद. आता प्रॅक्टिकल." त्यांनी आठ चिठ्ठ्या केल्या आणि चष्म्याच्या डबीत घालून फिरवल्या. ज्याला जी येईल ती त्यानं आठ दिवस जगायची. कुणाला आलं, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. कुणाला आलं, रोज आपली एक चूक मोठ्यानं कबूल करायची; ते गृहस्थ तेव्हापासून आजारी आहेत. माझ्या चिठ्ठीत होतं: "समोरून प्रेमानं आलेलं काहीही नाकारायचं नाही."

सगळे टाळ्या वाजवून हसले, कारण मला ओळखतात. 'नको' हा माझा श्वास आहे. चहा? नको. बसा? नको, घाईत आहे. मग मी बसतो, दोन कप चहा पितो, पण आधी नको. माझी आई सांगायची की मी बोलायला लागलो तो 'आई' म्हणून नाही, 'नको' म्हणून.

आणि त्याच रात्री दिगूचा फोन आला.

दिगंबर म्हणजे सोलापूरच्या कॉलेजातला माझा खोलीमित्र. आता बेंबळीला असतो, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालाय. येळवस म्हणजे तिकडचा रानातला सण. गेली तीस वर्षं तो मला दर हिवाळ्यात एकच वाक्य म्हणतो, "येळवसेला ये." आणि गेली तीस वर्षं मी दर हिवाळ्यात 'नको' म्हणतो. या वेळी म्हणाला, "शीतलचं लग्न ठरलंय. तिची आपल्या रानातली ही शेवटची येळवस. ये की लेका."

चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "हो."

पलीकडे त्यानं बहुतेक नंबर पुन्हा तपासला. मग दिगू म्हणाला, "कोण बोलतंय?"

नळदुर्ग

शीतल ही दिगूची एकुलती एक मुलगी. जळकोटच्या शाळेत शिकवते आणि नळदुर्गला खोली घेऊन राहते. ती शाळा सुटल्यावर मला हमरस्त्यावरच्या ढाब्यावर भेटणार आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बेंबळीला जाणार, असं ठरलं होतं.

मी तासभर आधी पोचलो. ही चूक. चिठ्ठीवाल्या माणसानं ढाब्यावर एकटं बसू नये.

ढाबेवाल्यानं विचारलं, "अजून एक भाकरी?" हो. "ठेचा?" हो. त्या ठेच्यानं माझ्या कानातून वाफ निघाली. आम्ही कोकणातली माणसं मिरचीची चव घेतो, इथं मिरची माणसाची चव घेते. शेजारच्या बाजेवर एक ट्रकवाला बसला होता. त्याच्या ट्रकमध्ये कांदा भरलेला. माझे पाणावलेले डोळे बघून त्याला माझी दया आली. म्हणाला, "चाचा, अकेले बैठे क्या? चलो, हैदराबाद घुमा के लाता."

त्याच्या आवाजात खरोखर प्रेम होतं. मी बारकाईनं तपासलं. होतंच. मग काय करता?

शीतल स्कूटीवरून आली तेव्हा मी ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसलो होतो आणि ट्रकवाला इंजिन तापवत होता.

"काका! तुम्ही कुठं निघालात?"

"हैदराबादला."

"कशाला?"

"यांनी प्रेमानं विचारलं म्हणून."

तिनं मला खाली उतरवलं, ट्रकवाल्याची माफी मागितली आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की ती चौथीच्या वर्गाला शिकवते हे मला न सांगता कळलं. चिठ्ठीची हकिकत ऐकल्यावर मात्र ती रस्त्यात उभी राहून हसली.

किल्ला तिनंच दाखवला. नदीला आडव्या घातलेल्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात त्याच्या डोक्यावरून दोन धबधबे पडतात, एकाला नर म्हणतात, एकीला मादी. आम्ही गेलो तेव्हा दोघंही रजेवर होते. पण महालाच्या खिडकीत बसलं की खाली थोपलेलं हिरवं पाणी, समोर काळी तटबंदी आणि वर आभाळ. आमच्याकडं आभाळ डोंगर आणि माडांच्या मधून तुकड्यातुकड्यानं मिळतं. इथं अख्खं ठाण उलगडलेलं. पहिली दहा मिनिटं मला टोपी हवी असं वाटत राहिलं.

त्या खिडकीत शीतल म्हणाली, "काका, आता तुम्हाला नाही म्हणता येत नाही ना? मग मला एक हवंय. माझ्या लग्नात आबा हवेत."

आबा म्हणजे तिचे थोरले चुलते, दिगूचे भाऊ. मी म्हणालो, "म्हणजे ते येणार नाहीत?"

"पप्पा त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बोलावणार नाहीत, आणि बोलावल्याशिवाय आबा येणार नाहीत. नऊ वर्षं बोलत नाहीत एकमेकांशी."

"जमिनीवरून?"

"जमिनीची वाटणी एका दुपारीत झाली. कुणी चकार शब्द काढला नाही. भांडण पांडवांवरून झालं."

मी कान पुढं केला.

त्याचं असं आहे. इकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं. कडब्याच्या पेंड्यांची एक छोटी झोपडी करतात, तिला कोप म्हणायचं. कोपीत पाच दगड मांडायचे, चुन्यानं रंगवायचे, ते पाच पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग जो दिसेल त्याला जेवू घालायचं. शीतलच्या पणजोबांनी नदीतून निवडून आणलेले पाच दगड त्यांच्या घराण्यात चार पिढ्या चालत आलेले. वाटणी झाली, जमीन निम्मी-निम्मी, घराच्या मधोमध भिंत, सगळं सुरळीत. आणि मग ते पाच दगड राहिले. पाचाचे दोन सारखे भाग कसे करणार? पंचांनी तोडगा काढला: थोरल्याला तीन, धाकट्याला दोन.

"पप्पांना नकुल आणि सहदेव आले," शीतल म्हणाली. ती हसत होती, पण मग थांबली. "आबांनी मला विहिरीत पोहायला शिकवलं, काका. पाठीला वाळका भोपळा बांधायचे आणि त्याला दोरी. दिवसभर काठावर दोरी धरून उभे. मला आता मांडवात उभं राहायचंय, आणि ती दोरी कुणी धरलेली नाही, असं वाटतं."

मी काय म्हणालो असेन? हो म्हणालो.

बेंबळी

दिगूनं मला मिठी मारली, लांब धरून पाहिलं आणि म्हणाला, "केस कुठं ठेवलेस?" सुमनवहिनी, त्याची बायको, अंगणात हसल्या. पाच मिनिटांत माझ्या हातात चहा, दहा मिनिटांत शेंगदाण्याचा लाडू, पंधराव्या मिनिटाला दिगू मला देवघरात घेऊन गेला.

"हे बघ. माझी इस्टेट."

पाटावर पाच दगड. दोन जुने, गुळगुळीत, लाडवाएवढे. तीन नवे, खडबडीत.

"हे दोन मूळचे. नकुल, सहदेव. हे तीन मी नंतर भरले. प्रभारी धर्म, प्रभारी भीम, प्रभारी अर्जुन." निवृत्त मास्तरानं चेहरा गंभीर ठेवला होता. "भीम त्याच्याकडं. अर्जुन त्याच्याकडं. मला काय दिलं? ही दोन लेकरं! आख्ख्या महाभारतात यांना सांगावं असं एक काम हाय का सांग."

"दिगू, पण रानातले पांडव घरात कशाला?"

"रानात ठिवले तर तो उचलून नेईल."

मग त्यानं माझा हात धरला. "उद्या पहिला घास माझ्या कोपीत. शब्द दे."

"हो."

संध्याकाळी शीतल मला भिंतीपलीकडं घेऊन गेली. आबा ओट्यावर बसले होते, पांढऱ्याशुभ्र मिशा, खांद्यावर टॉवेल. आणि समोर, चुना लावून वाळत घातलेले, तीन दगड. त्यांनीही घरात आणून ठेवले होते. कारण विचारलं तर म्हणाले, "रानात ठिवलं तर त्यो मास्तर न्हील."

"ह्यो भीम. उचलून बगा की."

प्रेमानं म्हणाले. मी उचलला. माझ्या कमरेत काहीतरी कायमचं बदललं.

"ह्यो अर्जुन, टोकदार हाय. ह्यो धर्म. जरा बसका हाय, पर सोभाव चांगला."

"आणि हे दोन?" बाजूला दोन खडीचे तुकडे होते.

आबा जरा ओशाळले. "रस्त्याच्या कामावरनं आणलं. नाव न्हाय ठिवलं अजून. नऊ वर्सं निस्तं 'तुमी दोगं' म्हनतो."

आबांच्या बायकोनं, शीतल जिला मोठी आई म्हणते तिनं, चहा आणला आणि त्याच्याबरोबर शेंगदाण्याचा लाडू. मी लाडू खाल्ला आणि थबकलो. वेलदोडा तोच, भाजणी तीच, आतला गूळ तोच. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं डोळ्यांनी खूण केली. भिंतीला खाली, तुळशीच्या मागं, एक विटेचं भोक होतं. भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हते. जावांचा वाट्यांचा व्यवहार कधीच थांबला नव्हता.

निघताना आबा म्हणाले, "पाव्हणं, उद्या पैला घास आमच्यात. आमी काय मास्तरावानी शिकल्यालं न्हाय, पर खायाला घालतो चांगलं."

आता मी सांगू शकलो असतो की मी दिगूला शब्द दिलाय. चिठ्ठीत खोटं बोलावं असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण समोर त्या मिशा, तो टॉवेल, तो बसका धर्म. मी म्हणालो, "हो."

बाहेर आल्यावर शीतल म्हणाली, "काका, पहिला घास दोघांकडं कसा खाणार?"

"बघू."

"हे बघू कुठल्या तत्त्वज्ञानात येतं?"

उत्तर मला माहीत होतं. आयुष्यभर मी 'नको' म्हणत आलो ते भीतीनं, आणि आता 'हो' म्हणत होतो तेही भीतीनंच. चिठ्ठीनं माणूस बदलला नव्हता, फक्त शब्द बदलला होता. ही गोष्ट मी गुरुवारी मांडणार होतो, टाळ्या मिळाल्या असत्या. पण ती मांडायची वेळ उद्याच येणार होती, आणि समोर दोन भाऊ असणार होते.

रान

रात्रभर दोन्ही घरांत चुली पेटलेल्या होत्या. पहाटेच सगळे रानात गेले. सुमनवहिनींच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं, शीतलच्या डोक्यावर भज्जीचं पातेलं. मी आंघोळ करून मागाहून जायचं ठरलं. निघताना शीतल दारातून म्हणाली, "काका, सरळ वाट आहे, बाभळीपाशी डावीकडं वळा. वाटेत सगळे बोलावतील. जायचं, बसायचं, एक घास मोडायचा, आणि उठायचं. पोटभर कुठंच खायचं नाही. इथं सगळे तसंच करतात. कळलं?"

"कळलं."

कळलं नव्हतं. प्रेमानं वाढलेलं पान अर्ध्यावर टाकून उठणं म्हणजे नाकारणंच, असा अर्थ मी लावला. अकरा वर्षं तत्त्वज्ञान वाचलेल्या माणसाला साध्या सूचनेतून कठीण अर्थ काढायची खोड लागते.

त्या सकाळचं रान मी विसरणार नाही. काळी माती, त्यावर छातीएवढी ज्वारी, हरभऱ्याला घाटे, करडईचे काटे, तुरीच्या शेंगा, आणि जिथं नजर टाकावी तिथं कडब्याची एकेक कोप आणि तिच्यापुढं रंगीत लुगड्यांचे ठिपके. गाव ओस. कुलपं सुद्धा जेवायला गेली असावीत.

"ओ पाव्हणं! हिकडं!"

पहिलं शेत. माझी ना ओळख ना पाळख. आमच्याकडं आमंत्रण असं देतात की पाहुण्याला न येण्याची पूर्ण सोय राहावी: "या हो एकदा सवडीनं!" दिवस नाही, वेळ नाही, फाटक बंद. इथं माणूस हात धरून बसवतो आणि मग नाव विचारतो. पुढ्यात आलं ते असं: भज्जी, म्हणजे हिवाळ्यात रानात जे जे हिरवं आणि शेंगेत असतं ते सगळं ताकात आणि डाळीच्या पिठात शिजवलेलं, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, गव्हाची खीर, आणि आंबील, ज्वारीची, आंबट, थंड, लसणाच्या वासाची. मी पहिला घास घेतला आणि गोडबोल्यांच्या दुकानाला मनातून दंडवत घातलं. पान स्वच्छ केलं. परत वाढलं. परत स्वच्छ केलं.

दुसरं शेत. तिसरं शेत. तिथं एक गृहस्थ मला "लई दिसांनी आलात" म्हणाले. मी कधीच आलो नव्हतो, पण ते इतक्या प्रेमानं म्हणाले की मी "हो ना" म्हणालो. चौथ्या शेतात मी पट्टा एक भोक सैल केला. पाचव्यात एक म्हातारी म्हणाली, "माज्या हातची आंबील न्हाय पिनार व्हय रं?" प्यालो. तिनं परत तांब्या पुढं केला. सहाव्या शेतात काय खाल्लं ते आठवत नाही. सातव्या शेतात मला वाटतं मी भाषण केलं.

बाभळ आली तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि मी भीमासारखा चालत होतो. म्हणजे त्या दगडासारखा.

समोर बांध. बांधाच्या अलीकडं दिगूची कोप, पलीकडं आबांची कोप. तीस पावलांचं अंतर. दोन्ही कोपींपुढं पान वाढून तयार. दोन भाऊ आपापल्या हद्दीत कमरेवर हात ठेवून उभे, दोघांच्या नजरा माझ्यावर. एकमेकांकडं मात्र चुकूनही नाही.

"ये लेका! पहिला घास!" दिगू.

"या पाव्हणं! पैला घास!" आबा.

मी पुढं गेलो, आणि दोन्हीकडं न वळता बांधावरच बसलो. खरं सांगतो, हे डोकं लढवून केलं नाही. पाय तिथं संपले.

"काय रं? इकडं ये की."

पोटातून आवाज आला. तीस वर्षांच्या 'नको'मध्ये नव्हता असा शुद्ध, निर्मळ, खोल आवाज. मी म्हणालो, "नाही."

"म्हंजे?"

"तुझ्याकडंही नाही आणि आबांकडंही नाही. शब्द दोघांना दिला, दोन्ही खोटे. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. आता एक घास जात नाही." आणि मी आडवा झालो.

येळवसेच्या दिवशी पाहुणा रानातून उपाशी जाणं इकडं अशुभ मानतात हे मला नंतर कळलं. मला फक्त एवढं दिसलं की दोन्ही चेहऱ्यांवरचं हसू एकदम पुसलं गेलं. मोठी आई पळीसकट उभी राहिली. शीतलच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

दिगू आभाळाला म्हणाला, "काल सांजेला कुणी तरी पाव्हण्याला कायबाय खाऊ घातलंय."

आबा बाभळीला म्हणाले, "येक लाडू दिल्ता. मास्तराच्या घरी काय काय कोंबलं त्ये इच्यारा."

"अहो, मी सात शेतं खाल्ली!" मी ओरडलो.

"सात?" आभाळ आणि बाभळ दोन्ही गळून पडलं. आबांनी दिगूकडं पाहिलं. दिगूनं आबांकडं पाहिलं.

"घास मोडायचा असतो, त्ये सांगितलं न्हाईस व्हय त्याला?" आबा कडाडले.

"शीतलनं सांगितलं हुतं! ह्यो शिकलेला हाय, त्याला कळत न्हाय!"

"ओवा हाय का?"

"हाय. काळं मीठ न्हाय."

"माज्याकडं हाय. आन ओवा हिकडं. पळ."

आणि साठीला टेकलेला निवृत्त मास्तर पळाला. मी एक डोळा उघडून पाहिलं, सुमनवहिनींनी मोठ्या आईचा हात घट्ट धरला होता.

ओवा आला, मीठ आलं, दोन्ही माझ्या तोंडात गेलं. मग मला कसं झोपवायचं यावरून वाद सुरू झाला. दिगू म्हणे डाव्या कुशीवर, आबा म्हणे पालथं. "दादा कसं झोपवायचं आपल्याला? डाव्या!" दिगू म्हणाला. दादा म्हणजे त्यांचे वडील. आबांनी माझ्या खांद्याखाली हात घातला. मग म्हणाले, "व्हय. डाव्याच." मला डाव्या कुशीवर वळवलं गेलं. आंबिलीनं डोळे मिटले.

जाग आली ती उन्हं कलल्यावर. अंगावर दोन पांघरुणं होती: एक आबांची घोंगडी, एक दिगूकडची चादर. माझ्या पाठीशी दिगूचं घर जेवत होतं, माझ्या पोटाशी आबांचं. बांध म्हणजे मी, आणि मी म्हणजे बांध. माझ्या बरगडीवरून चटणीची वाटी इकडून तिकडं गेली, आणि कोशिंबीर तिकडून इकडं आली.

"जाऊबाई, औंदा भज्जी सारकीच झालीया की दोगींची," सुमनवहिनी निरागसपणे म्हणाल्या.

"व्हय बाई. काय तरी योग," मोठी आई म्हणाली.

मग सूर्य टेकला आणि शेवटचा विधी आला. कडब्याची एक पेंडी पेटवतात, तिला हेंडगा म्हणतात, आणि ती घेऊन शेताच्या कडेनं फेरी घालतात. नऊ वर्षं दोन हेंडगे पेटत होते आणि दोन्ही फेऱ्या या बांधावरून जात होत्या, वेगवेगळ्या वेळी, म्हणजे गाठ पडू नये. दिगूचा हेंडगा या वर्षी शीतलच्या हातात होता. शेवटचं वर्ष म्हणून तिनं मागून घेतला होता. तिन्ही बाजूंनी फिरून ती बांधाशी आली आणि थांबली.

बांधावर मी.

"काका, उठता का जरा?"

मी उठणारच होतो. तब्येत एकदम ठणठणीत होती, खोटं कशाला बोलू. मी कोपर टेकलं, तेवढ्यात खांद्यावर मोठ्या आईचा हात पडला. जड हात. दुसऱ्या खांद्यावर सुमनवहिनींचा.

"पडा भावजी, निवांत," सुमनवहिनी म्हणाल्या.

प्रेमानं म्हणाल्या. मी पडलो. बारीक कण्हलो सुद्धा.

हेंडगा जळत होता. शीतल वडिलांकडं पाहत उभी. आबा पुढं आले. "पाव्हण्याच्या अंगावरनं इस्तू न्हेती का काय पोरी? बाहीरनं जा. सगळ्या रानाला घाल फेरी, पैल्यावानी."

सगळ्या रानाला. दोघांच्या मिळून. ठिणग्या गळत होत्या, शीतलचा हात तापत असणार, पण ती हलली नाही. मी कण्हायचं विसरलो.

"जा," दिगू म्हणाला. मग आणखी हळू, "पर ओढ्याकडच्या कोपऱ्यात खड्डा हाय."

"मला म्हाईत हाय," आबा म्हणाले. "मी हुतो म्होरं."

आणि ते निघाले. पुढं आबा, मागं पेटता हेंडगा घेतलेली शीतल, तिच्या मागं धोतर सावरत दिगू. तीन आकृत्या ज्वारीच्या कडेनं लहान लहान होत गेल्या, ओढ्याशी वळल्या आणि पलीकडून परत मोठ्या होत आल्या. मी बांधावर पडून पाहत होतो. आठ दिवसांत मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे आडवा पडलो.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बस होती. दिगू मला सोडायला दारात येतो तो समोर आबा. टॉवेलात काहीतरी जड गुंडाळून छातीशी धरलेलं. उंबऱ्याबाहेर उभे.

"लग्नाला बलावनं हाय का न्हाय, त्ये सांग आदी," आबा म्हणाले.

दिगू दारातून बाजूला झाला. "आबा, तुमाला बलवायचं असतंय व्हय? आत या की."

आबा आत आले आणि टॉवेल सोडून खांद्यावर टाकला. भीम.

"लग्नघर हाय. जड काम आसतंय. ह्यो ठिव तुज्याकडं."

शीतल दारात उभी होती. पुढं होऊन तिनं आबांच्या खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक मुठीत धरलं आणि धरूनच राहिली, दोरीसारखं.

मी डोळे पुसायला रुमाल काढला, तोवर दिगू देवघरातून सहदेव घेऊन आला आणि त्याचं गणित सुरू झालं.

"थांबा. आता माज्याकडं तीन, तुमच्याकडं दोन. ह्ये बरोबर न्हाय. सहदेव न्या तुमी."

"मला नगं सहदेव."

"न्यावाच लागंल! थोरल्याला तीन आसं पंचांनी ठरवलंय!"

"पंच गेलं खड्ड्यात! मी देतो म्हनलं तर गप घ्यावं, मास्तर!"

"मी नाही घेणार!"

भांडत दोघं अंगणात आले, समोरासमोर, आवाज चढलेले, दोघांच्या हातात एकेक पांडव, आणि दोघंही ते दुसऱ्याच्या कडेवर द्यायला बघतायत. शेजारचे लोक भिंतीवरून पाहू लागले. सुमनवहिनी दारातून म्हणाल्या, "भावजी, तुमी तरी सांगा की ह्यास्नी. मिटवा एकदा."

प्रेमानं म्हणाल्या. चिठ्ठीचा अजून एक दिवस उरला होता, पण माझी बस वळणावर दिसत होती.

मी पिशवी उचलली आणि मनापासून म्हणालो, "नको."